तारेचा की बिनतारी? एआर चष्मा घेण्याआधी

एआर, म्हणजे ऑगमेंटेड रिॲलिटी, हे समोरच्या दृश्यावर चित्र किंवा मजकूर दाखवण्याचं तंत्र. ‘एआर चष्मा’ या एकाच नावाखाली इतक्या वेगवेगळ्या वस्तू विकल्या जातात की घेणाऱ्याचा गोंधळ उडणारच. रे-बॅन मेटाच्या २०२३ च्या चष्म्यात कॅमेरा आहे, स्पीकर आहे, पण पडदाच नाही. ॲपलचा व्हिजन प्रो आणि मेटाचा क्वेस्ट ३ ही डोक्याला बांधायची यंत्रं. त्यांतून बाहेरचं जग थेट दिसत नाही, कॅमेऱ्याने टिपून आतल्या पडद्यावर दाखवलं जातं. २०२४ च्या पहिल्या व्हिजन प्रोचं वजन सहाशे ते साडेसहाशे ग्रॅम, आणि बॅटरी वेगळी खिशात. ही दोन्ही टोकं इथे बाजूला ठेवतो. चष्म्यासारखा चष्मा हवा आणि त्यात काहीतरी दिसायलाही हवं, अशा माणसापुढे आज मुख्यतः दोन वाटा आहेत.

पहिली वाट तारेच्या चष्म्याची. एक्सरिअल, व्हिट्युअर यांचे चष्मे यूएसबी-सी तारेने फोनला किंवा लॅपटॉपला जोडायचे, की समोर मोठा पडदा तरंगू लागतो. दुसरी वाट बिनतारी माहिती-चष्म्याची. २०२५ चा मेटा रे-बॅन डिस्प्ले आणि २०२४ चा इव्हन रिॲलिटीज जी१ हे त्यातले. यांत सिनेमा पाहायचा नसतो. संदेश, रस्त्याची दिशा, समोरच्याच्या बोलण्याचा मजकूर, एवढंच डोळ्यांपुढे येतं.

जाहिरातीतल्या चित्रांवर जाऊ नका. हात सरळ समोर ताणा आणि वीत उघडा. अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत साधारण २० अंश भरतात. मेटा रे-बॅन डिस्प्लेचा पूर्ण पडदा एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत एवढाच, तोही फक्त उजव्या डोळ्यासमोर. तारेच्या चष्म्यांचा पडदा ४६ ते ५७ अंशांचा, म्हणजे सव्वादोन ते पावणेतीन वितींचा. माणसाची नजर आडवी सुमारे २०० अंश पसरते. तेव्हा खोलीभर तरंगणाऱ्या आकृत्या दोन्हींकडून मिळणार नाहीत. मान वळवली की चित्र कडेला कापलं जातं.

तरी या छोट्या पडद्याला हसू नये. मेटाच्या चष्म्यात ६०० बाय ६०० पिक्सेल इतक्या लहान जागेत बसवल्यामुळे अक्षरं सुबक दिसतात, एका अंशात ४२ पिक्सेल. मोठ्या पडद्याच्या क्वेस्ट ३ मध्ये हाच आकडा २५ च्या घरात आहे. दोन ओळी वाचायला लहान पण दाट पडदा बरा. दिवसभर कोष्टकं भरायची असतील तर मात्र तारेचाच चष्मा घ्या, आणि त्यातही कोपऱ्यातली अक्षरं अंधुक होतात हे लक्षात ठेवा. चष्मा नाकावर दोन-तीन मिलिमीटर घसरला तरी पडद्याची खालची कड गायब होते. म्हणून सोबत येणाऱ्या नाकाच्या पॅडच्या जोड्या डब्यात पडू देऊ नका, प्रत्येक लावून पाहा.

खरा फरक प्रकाशाच्या प्रवासात आहे. तारेच्या बहुतेक चष्म्यांत कपाळाजवळचा छोटा ओएलईडी पडदा खाली प्रकाश टाकतो. तो अर्ध्या आरशावरून पुढच्या अंतर्गोल आरशाकडे जातो आणि उलटून डोळ्यात शिरतो. अर्धा आरसा वाटेत दोनदा लागतो, प्रत्येक वेळी निम्मा प्रकाश गेला, तर उरतो फार तर चौथा हिस्सा. रंग मात्र सुरेख येतात. गैरसोय अशी की खालून आलेला प्रकाशही त्याच आरशांवर पडतो, त्यामुळे पांढरा शर्ट घातला असेल तर चित्रावर शर्टाचं प्रतिबिंब दिसतं. काळ्या कपड्यात बसून पाहा, फरक लगेच कळेल.

माहिती-चष्म्यात प्रकाश काचेच्या पातळ थरातून, आतल्या आत परावर्तन होत, डोळ्यासमोर येऊन बाहेर पडतो. काच साध्या चष्म्यासारखी दिसते ती त्यामुळेच. पण या प्रवासात प्रकाशाचा मोठा भाग वाया जातो, म्हणून मुळातच तो भरपूर लागतो. जी१ मध्ये सगळं हिरव्याच रंगात दिसतं त्याचं कारण इथे आहे. आपला डोळा हिरव्याला सर्वांत संवेदनशील आणि हिरवे सूक्ष्म एलईडी कमी विजेत चांगले पेटतात. लाल मात्र आकार लहान केला की फार ढेपाळतो.

दोन्ही प्रकारांना काळा रंग दाखवता येत नाही. समोरच्या दृश्यात प्रकाश मिसळता येतो, त्यातला काढून घेता येत नाही. उन्हात चित्र फिकं पडतं ते म्हणूनच. मेटाने ५,००० निट्सपर्यंतची प्रखरता आणि उन्हात गडद होणारी काच देऊन त्यावर बऱ्यापैकी मात केली आहे. तारेच्या चष्म्यांनी सरळ पुढची काच गडद केली. बसून पाहायला ते ठीक, पण ते घालून रस्त्यावर चालू नका. आणि गाडी चालवताना दोन्हीही नकोत.

बॅटरीचा हिशोबही निकाल देऊन जातो. चष्म्याच्या काडीत दोन-अडीचशे मिलिअँपिअर-तासांपेक्षा फार काही मावत नाही. फोनमध्ये चार-पाच हजार असतात. स्नॅपने २०२४ मध्ये विकसकांसाठी काढलेल्या स्पेक्टॅकल्समध्ये तार नाही, ४६ अंशांचा पडदा आहे, सगळं यंत्र फ्रेममध्येच आहे. परिणाम: २२६ ग्रॅम वजन आणि बॅटरी ४५ मिनिटं. तारेचा चष्मा फोनची वीज खातो, म्हणून हलका राहतो. मात्र फोनच्या यूएसबी-सी मधून चित्र बाहेर येण्याची सोय, म्हणजे डिस्प्लेपोर्ट आउटपुट, असायला हवी. कित्येक मध्यम किमतीच्या फोनमध्ये ती नसते. आधी हे तपासा, मग चष्म्याकडे वळा.

माझ्या लेखी तराजू झुकतो तो वेगळ्याच मुद्द्यावर. नॉर्थ कंपनीचा फोकल्स हा देखणा माहिती-चष्मा होता. जून २०२० मध्ये गूगलने कंपनी विकत घेतली आणि महिन्याभरात, ३१ जुलैला, चष्म्यांची सेवा बंद झाली. पैसे परत मिळाले, पण डोळ्यांवर उरली ती नुसती फ्रेम. २०१३ मध्ये गाजावाजा करत आलेल्या गूगल ग्लासची सामान्यांसाठीची विक्री २०१५ मध्ये थांबली, उद्योगांसाठीची २०२३ मध्ये. मायक्रोसॉफ्टने होलोलेन्स २ या डोक्याला बांधायच्या एआर यंत्राचं उत्पादन २०२४ मध्ये थांबवलं. माहिती-चष्मा कंपनीच्या ॲपवर आणि सर्व्हरवर जगतो. ते गेले की तोही गेला. तारेचा चष्मा मुळात मॉनिटर आहे. कंपनी उद्या बुडाली तरी तार जोडली की चित्र येईल. तो थोडा मठ्ठ आहे, आणि हाच त्याचा गुण.

म्हणून प्रवासात सिनेमे, हॉटेलच्या खोलीत लॅपटॉपला दुसरा पडदा, असा उपयोग असेल तर तारेचा चष्मा आजच घ्यायला हरकत नाही. माहिती-चष्म्याबद्दल मी हात आखडता घेईन. अपवाद एकच: ऐकायला कमी येत असेल आणि समोरच्याचं बोलणं अक्षरांत दिसायला हवं असेल, तर त्या एका कामासाठीही तो घ्यावा. कॅमेऱ्याने लोक बिचकतात, तेव्हा ज्यात कॅमेरा नाही असा जी१ सारखा चष्मा तिथे जास्त सोयीचा.

‘खरा एआर येईपर्यंत थांबू का?’ मेटाने सप्टेंबर २०२४ मध्ये दाखवलेला ओरायन हा नमुना-चष्मा ७० अंशांचा आणि १०० ग्रॅमच्या आतला आहे, पण तो विक्रीला नाही. त्याच्या भिंगांना लागणारं सिलिकॉन कार्बाइड प्रकाश जास्त वाकवतं, म्हणून कोन रुंद मिळतो. ते बनवणं अतिशय खर्चिक. ते स्वस्त होईपर्यंत आजचा तारेचा चष्मा वापरून वसूल झालेला असेल.

एक शेवटची तपासणी, परत करण्याची मुदत संपायच्या आत. मेटाच्या डिस्प्ले चष्म्यात उणे ४ ते अधिक ४ पर्यंतचेच नंबर बसतात. तारेच्या चष्म्यांत नंबराची भिंगं आतून वेगळी लावावी लागतात, आणि एक्सरिअल वन प्रो दोन बुबुळांतल्या अंतरानुसार दोन मापांत येतो. ते अंतर नेत्रतपासनिसाकडून आधी मोजून घ्या. चित्र काही मीटरवर असल्यासारखं भासतं, त्यामुळे चाळिशीच्या चष्म्याची गरज सहसा पडत नाही, पण लांबचा नंबर असेल तर तो हवाच. अर्धा तास सलग बारीक मजकूर वाचा. डोकं जड झालं तर सवय होईल म्हणून ठेवून घेऊ नका, चष्मा परत करा.