आधी गुन्हा नंबर, मग नाव : सातारा-सांगलीत ताज्या अटकेची नोंद शोधण्याच्या चार खिडक्यांचा परखड आढावा

कऱ्हाडात कुणाला उचललं तर संध्याकाळपर्यंत तीन वेगवेगळ्या ठाण्यांची नावं कानावर येतात, आणि घरचे मोबाइलवर माणसाचं नाव टाकून शोधत बसतात. नावावरून इथे फारसं काही हाती लागत नाही. महाराष्ट्र पोलिसांचं नागरिक पोर्टल, ठाण्यातला फलक, न्यायालयांची ई-कोर्ट्स साइट आणि कैद्याच्या भेटीसाठी अर्ज करायची तुरुंगाची ई-मुलाकात अशा चार खिडक्या आहेत. चारही फुकट, चारही अर्धवट. एकीतून दुसरीत जायचं तर गुन्हा रजिस्टर नंबर लागतो, म्हणजे पोलिसांच्या भाषेत गु.र.नं.

अमेरिकेत बऱ्याच काउंट्यांचे शेरीफ तुरुंगात आणलेल्यांची यादी वेबसाइटवर लावतात : बुकिंग नंबर, कलमं, जामिनाची रक्कम, कधी फोटोसुद्धा. इंग्रजीत शोधलं की तिकडचीच पानं वर येतात. आपल्याकडे तसली यादी नाही. 'पैसे भरा, अटकेचं रेकॉर्ड दाखवतो' म्हणणाऱ्या साइटला सातारा-सांगलीच्या नोंदीसाठी एक रुपयाही देऊ नये.

पोर्टलवरचं सर्वांत कामाचं पान म्हणजे 'प्रकाशित एफआयआर'. तारखेपासून, तारखेपर्यंत, जिल्हा, पोलीस ठाणे, एवढंच भरायचं. जिल्हा निवडल्यावर पान क्षणभर हलतं आणि मगच ठाण्यांची यादी भरते. तेवढा दम न धरता पुढे गेलात तर यादी रिकामी दिसते आणि साइट बंद आहे असं वाटतं. तारीख घटनेची नव्हे, गुन्हा दाखल झाल्याची धरतात. शनिवारी रात्री साडेअकराची मारामारी असेल तर रविवारची तारीखही घ्या. निकालाची यादी तुकड्यातुकड्यांनी येते, म्हणून एका पानावर 50 नोंदी दिसतील असं करून घ्या, नाहीतर पहिलं पान बघूनच 'नाही' म्हणून मोकळे व्हाल.

खरी चूक होते ती ठाणं निवडताना. मिरजेचंच घ्या. मिरज शहर, महात्मा गांधी चौक आणि मिरज ग्रामीण ही तीन ठाणी. रेल्वे स्टेशनात घडलं असेल तर चौथं, लोहमार्ग म्हणजे रेल्वे पोलिसांचं. ते सांगलीखाली सापडणार नाही, पुणे लोहमार्गाखाली बघावं लागतं. शाहूपुरी ठाणं साताऱ्यात आहे तसं कोल्हापुरातही आहे. जिल्हा चुकला की भलत्याच गावचे गुन्हे वाचत बसाल. 'एलसीबीने पकडलं' असं ऐकलं तर एलसीबी शोधू नका. स्थानिक गुन्हे शाखा पकडते, पण गुन्हा ज्या हद्दीतला त्या ठाण्यात असतो. दारूच्या केसमध्ये राज्य उत्पादन शुल्क विभागाने धरलं असेल तर नोंद त्यांच्याकडे असते, पोलिसांच्या पानावर नाही.

पीडीएफ उघडली की रकाना 7 बघायचा, तिथे ज्ञात किंवा संशयित आरोपीचा तपशील असतो. 'अनोळखी इसम' लिहिलं असेल तर लगेच हायसं वाटून घेऊ नका. नाव पुढच्या तपासात येतं आणि ते या पीडीएफमध्ये मागाहून घुसत नाही. रकाना 12 म्हणजे फिर्यादीची हकीकत. ती फक्त एका बाजूची आहे हे ध्यानात ठेवून वाचावी.

सर्वोच्च न्यायालयाने 7 सप्टेंबर 2016 रोजी एफआयआर 24 तासांत वेबसाइटवर टाकायला सांगितलं. इंटरनेटची अडचण असेल तर 48 तास, दुर्गम भाग असेल तर 72. म्हणून कोयनानगर किंवा उमदीकडचा गुन्हा तिसऱ्या दिवशी पुन्हा एकदा बघावा. लैंगिक अत्याचार, पोक्सो, दहशतवाद असे संवेदनशील गुन्हे तिथे येतच नाहीत. अल्पवयीन मुलाचं नाव तर कुठल्याच खिडकीत मिळणार नाही आणि मिळूही नये.

त्याच पोर्टलवर 'अटक आरोपी' असंही पान आहे. नावावरून सगळ्यांची धाव तिकडेच, आणि सगळ्यांत कच्चं तेच. इथे अटकेची तारीख चालते, म्हणजे मार्चच्या गुन्ह्यातली अटक जूनमध्ये शोधावी लागते. नोंद भरायला उशीर झाला तर माणूस कोठडीत आणि यादी कोरी. नाव दिसलं तर आधार म्हणून धरा. दिसलं नाही म्हणून अटक नाही असं मात्र समजू नका.

शिवाय एफआयआरमध्ये नाव असूनही अटक नसते, कारण 7 वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात पोलीस बऱ्याचदा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 35(3) ची नोटीस देऊन सोडतात. याच्या उलटही होतं. गणपती किंवा निवडणुकीच्या तोंडावर कलम 170 खाली, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या 151 खाली, ताब्यात घेतात; ती प्रतिबंधक कारवाई, तिला एफआयआरच नसतो. पुढची चॅप्टर केस, म्हणजे शांतता राखण्याची हमी घेण्याची कारवाई, कार्यकारी दंडाधिकाऱ्यापुढे चालते. पोर्टल कितीही चाळलं तरी ती सापडायची नाही.

म्हणूनच सर्वांत भरवशाची खिडकी अजूनही ठाण्याचीच. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या संहितेचं कलम 37 सांगतं की अटक झालेल्यांची नावं, पत्ते आणि गुन्ह्याचं स्वरूप प्रत्येक ठाण्यात आणि जिल्हा मुख्यालयात ठळकपणे लावायचं, आणि ही माहिती ठेवायला सहायक फौजदार किंवा वरच्या दर्जाचा अधिकारी नेमायचा. फलक दिसला नाही तर ठाणे अंमलदाराला 'नेमलेले अधिकारी कोण?' असं विचारा. 'आमच्या माणसाचं काय झालं?' या प्रश्नापेक्षा याला उत्तर लवकर मिळतं. नातेवाइकाने अटक पंचनाम्याबद्दलही विचारावं. कलम 36 प्रमाणे त्यावर घरच्या माणसाची किंवा परिसरातल्या प्रतिष्ठित व्यक्तीची साक्ष लागते. कलम 48 प्रमाणे अटकेची खबर घरी देणं पोलिसांवर बंधनकारक आहे. प्रत्येक ठाण्याला लॉकअप नसतो, तेव्हा गुन्हा एका ठाण्याचा आणि माणूस दुसऱ्याच्या कोठडीत, हे नेहमीचंच.

'तुमचा मुलगा अटकेत आहे, पैसे पाठवा' असा फोन आला तर गु.र.नं., ठाणं आणि तपासी अंमलदाराचं नाव मागा, आणि फोन ठेवून त्या जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाला स्वतः फोन लावा. 'डिजिटल अटक' कायद्यात नाहीच. पैसे गेले असतील तर लगेच सायबर फसवणुकीची हेल्पलाइन 1930.

अटकेपासून 24 तासांत, प्रवासाचा वेळ सोडून, न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभं करावं लागतं. इथून ई-कोर्ट्स कामाला येतं. 'एफआयआर नंबर'चा शोध निवडा आणि न्यायालय संकुल नीट बघा : सांगलीचं संकुल विजयनगरला असलं तरी विटा, इस्लामपूर वेगळे, साताऱ्यात कऱ्हाड, वडूज वेगळे. पक्षकाराच्या नावाने शोधताना इंग्रजी स्पेलिंग आडवं येतं, जाधवच दोन-तीन प्रकारे लिहिलेले असतात, म्हणून आडनावाची पहिली चार-पाच अक्षरंच टाकावीत. काहीच आलं नाही तर घाबरू नका. दोषारोपपत्र येईपर्यंत, म्हणजे साधारण 60 किंवा 90 दिवस, खटल्याला आरसीसी (नियमित फौजदारी खटला) नंबर पडत नाही. तोवर दिसलाच तर जामीन अर्ज. त्या अर्जाचा 16 अंकी-अक्षरी सीएनआर, म्हणजे प्रकरणाचा ओळख नंबर, लिहून ठेवा, पुढच्या तारखा आणि आदेश त्यावरच उघडतात. जामिनाची रक्कम आणि अटी आदेशाच्या पीडीएफमध्ये असतात, वरच्या तक्त्यात नाही.

पीसीआर (पोलीस कोठडी) संपून एमसीआर (न्यायालयीन कोठडी) झाली की माणूस जिल्हा कारागृहात जातो. जागेअभावी कोल्हापूरच्या कळंबा कारागृहातही हलवतात. पोलीस कोठडीत असेपर्यंत तुरुंगात नाव शोधण्यात अर्थ नाही. ई-मुलाकातीच्या अर्जात कारागृह, कैद्याचं नाव, वडिलांचं नाव, वय भरावं लागतं, आणि ते तुरुंगात पाठवतानाच्या न्यायालयाच्या वॉरंटवर जसं लिहिलंय तसंच भरा. घरी 'बाळू' आणि आधारवर दुसरं काही, अशा ठिकाणी अर्ज अडकतो. वॉरंटवरचं नाव न्यायालयातल्या कारकुनाकडून किंवा वकिलाकडून आधी उतरवून घ्यावं.