अंगणातली माती की गच्चीवरच्या कुंड्या?

भाच्याचं घर सांगलीत विश्रामबागेकडे उभं राहतंय. स्लॅब पडलाय, आता प्लास्टर चाललंय. दीड गुंठ्याचा प्लॉट. त्यात घर, जिना, गाडीची जागा गेली की उरतो पूर्वेचा एक पट्टा आणि मागचं बोळकांडं. परवा म्हणाला, "मावशी, खाली सगळीकडे पेव्हिंग ब्लॉक टाकून मोकळा होतो. बाग गच्चीवर करू. खाली चिखल नको आणि साप-किरडू नको." त्याची बायको काही बोलली नाही. ती मळ्यात वाढलेली. ब्लॉकच्या कोटेशनकडे तिनं ज्या नजरेनं बघितलं, त्यावरून मला काय ते कळलं.

मी दोन्ही करून बसले आहे. सांगलीच्याच गावभागातल्या जुन्या घरामागचं अंगण अकरा वर्षं सांभाळलं. २०१९ च्या पुरानंतर चार वर्षं भाड्याच्या घराच्या गच्चीवर बाग केली आणि आता पुन्हा खाली मातीत आले. तेव्हा हा आढावा पुस्तकी नाही. थोडा एका बाजूला झुकलेला आहे, ते आधीच सांगते.

झाडं कुठली लावायची हे नंतर बघा. आधी सांगा, खुर्ची कुठे ठेवणार? विचित्र वाटेल, पण बागेत विसावा मिळणार की नाही हे बहुतेक इथेच ठरतं. आमच्याकडे एप्रिलमध्ये गच्चीवर सकाळी दहानंतर पाय ठेवत नाही. ऊन उतरलं तरी स्लॅब दिवसभराची धग रात्री आठ-नऊपर्यंत बाहेर टाकत राहतो. शेडनेट बांधलं तर झाडांना बरं, आपल्याला मात्र हिरव्या पिशवीत बसल्यासारखं वाटतं. खाली सोनचाफ्याच्या सावलीत दुपारी चारचा चहा घेता येतो. आणखी एक गोष्ट म्हणजे गच्चीवर मुद्दाम जावं लागतं. गुडघे कुरकुरायला लागले की ते जाणं दिवसातून दोनदाचं एकदा होतं, मग एकाआड एक दिवस. अंगणात आपण तसेही असतोच. कपडे वाळत घालताना, दूधवाल्याला हाक मारताना, फोनवर बोलताना हात आपसूक वाळकं पान खुडतो.

पण गच्चीचं एक सुख अंगणाला कधीच जमलं नाही, ते म्हणजे जवळून बघणं. कुंडीतलं लिंबाचं झाड आपल्या छातीइतकं, त्यामुळे सगळं डोळ्यांसमोर घडतं. लिंबाच्या पानावर एकदा चिमणीची शिट दिसली. पुसायला बोट नेलं तर ती हलली. फुलपाखराची अळी! लहानपणी शिटेसारखी दिसते, म्हणून पाखरं तिच्या वाटेला जात नाहीत. चार-सहा दिवसांनी तीच हिरवीगार, बोटाएवढी झाली. काडीनं जरा डिवचलं, तर डोक्यामागून दोन नारिंगी शिंगं बाहेर काढली आणि असा उग्र वास सोडला की मी मागे सरकले. झाडाची निम्मी पानं तिनं फस्त केली. औषध मारावंसं मला वाटलं नाही. खाली अंगणात लिंबाचं झाड डोक्यावर गेलेलं होतं, तिथे अशा अळ्या वर्षानुवर्षं आल्या-गेल्या असतील. मी एकही पाहिली नव्हती.

आता माती. सांगलीची काळी माती ऊस, हळद, द्राक्षांना कितीही मानवू दे, घरच्या बागेत ती तऱ्हेवाईकच. पावसाळ्यात फुगते, पायाला चिकटून वहाणेचं वजन दुप्पट करते. उन्हाळ्यात आक्रसून तिला अशा भेगा पडतात की खुरपं आत जावं. ती वाफशावर, म्हणजे धड ओलीही नाही आणि कोरडीही नाही अशी असतानाच खणायची. ओली खणली तर ढेकळं विटांसारखी वाळतात. त्यात चुना जास्त. मोगऱ्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसल्या, तर पाणी कमी पडतंय असं समजून आणखी पाणी ओतू नका. लोह मातीत असतं, पण चुन्यामुळे झाडाला लागू होत नाही. हिराकस, म्हणजे लोहाचं खत, नुसता मातीत टाकला तर तोही तसाच अडकतो. शेणखतात मिसळून मुरवून द्यावा. त्यावर बोअरचं पाणी क्षाराचं असेल तर मातीच्या तोंडावर पांढरी बुरशी आल्यासारखं दिसतं. नदीकाठच्या कितीतरी जमिनी पाणी साचून साचून क्षारपड झाल्यात, त्याचीच ही घरगुती आवृत्ती.

यावर आमच्याकडच्या हळदवाल्यांचा तोडगाच घरी चालतो: गादीवाफा. जमिनीपासून वीतभर उंच वाफा, त्यात निम्मं शेणखत आणि कुजलेलं पाचट, वरून पुन्हा पाचटाचं आच्छादन. पाणी खाली उतरून जातं, मुळं पाण्यात राहत नाहीत. दोन पावसाळे गेले की त्याच मातीत बोट सहज जातं. साताऱ्याला दादाकडे उलटं दुखणं आहे. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला त्याचं घर, तिथे वीतभर माती आणि खाली मुरूम. एका जास्वंदीसाठी पहारीनं खड्डा घ्यावा लागला. पण पाणी साचायची भानगड नाही. साताऱ्याचे वाचक असाल तर तुम्हाला निचऱ्याची नव्हे, भरावाची काळजी करायची आहे. खड्डा मोठा घ्या आणि चांगली माती बाहेरून आणा.

गच्चीवर हा सगळा त्रास वाचतो, कारण माती आपण बनवतो. तिथे अडचण वजनाची. माझी पहिली चूक हीच. गावभागातली आवडती माती पोत्यांतून वर नेली. झाडं लावायच्या बारा इंची पिशवीत (ग्रो बॅगमध्ये) साधारण वीस लिटर मिश्रण बसतं. ते नुसत्या काळ्या मातीचं असेल तर पाणी घातल्यावर पस्तीस किलोच्या आसपास जातं. अशा चाळीस पिशव्या मी कठड्याला टेकवून मांडल्या होत्या. घरमालकांचा इंजिनीअर पुतण्या वर आला आणि बघतच राहिला. राहत्या घराची वावरायची गच्ची साधारण चौरस मीटरला दीडशे किलोच्या हिशोबानं धरलेली असते. ओल्या मातीचा सहा इंची वाफा केला तर तेवढ्याच जागेवर अडीचशे किलोच्या वर भार जातो. म्हणजे गच्चीवर विटांचे वाफे बांधून माती भरायची कल्पना इंजिनीअरला विचारल्याशिवाय डोक्यातून काढून टाका.

मग मी पिशव्या रिकाम्या केल्या. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), शेणखत आणि रसवंतीवाल्याकडची चिपाडं असं मिश्रण केलं. चिपाडं आपल्याकडे फुकट मिळतात. फक्त ती आधी दोन-तीन महिने शेणकाल्यात कुजवायची, नाहीतर मुंग्यांची जत्रा भरते. वजन निम्म्यावर आलं. तोटा असा की हे मिश्रण वर्षभरात खाली बसतं, पिशवी अर्धी होते, पुन्हा भरा. अंगणातली माती दर वर्षी सुधारत जाते, पिशवीतली दर वर्षी संपत जाते.

पाण्याचं तर विचारूच नका. मे महिन्यात गच्चीवर दोन वेळा पाणी. त्यातही दुपारनंतर नळी सोडली की पहिली मिनिटभर उकळतं पाणी येतं. मी नवखी असताना मेथीचा सगळा वाफा त्या पाण्यानं शिजवला होता. ठिबक बसवा म्हणतात, खरं आहे. द्राक्षबागांमुळे इथल्या बाजारात नळ्या, ड्रिपर सगळं सहज मिळतं, घरच्या घरी जोडता येतं. पण एकदा पुण्याला मुलीकडे आठ दिवस गेले आणि टायमरचा सेल उतरला. परत आले तेव्हा अबोली, शेवंती, कोथिंबीर सगळं कागदासारखं झालेलं. तिथे असताना रोज रात्री मी मनातल्या मनात गच्चीवर जाऊन येत होते ते वेगळंच. खाली अंगणातली झाडं, मुळं एकदा खोल गेली की, आच्छादनाच्या जोरावर आठ-दहा दिवस कुरकुर न करता थांबतात. गच्चीनं मला आनंद भरपूर दिला, हे नाकारत नाही. पण निश्चिंतपणा तिनं दिला नाही.

कुंड्यांखालच्या बशांमधलं पाणी आठवड्यातून एकदा तरी ओता, वर असो की खाली. डासांना अंड्यापासून उडण्यापर्यंत आठ-दहा दिवस पुरतात. पिठ्या ढेकूण, ही पांढरी कापसासारखी कीड, दोन्हीकडे येतो, जास्वंदीवर तर ठरलेलाच. गच्चीवर तो लवकर दिसतो, खाली झाड निम्मं पांढरं झाल्यावर.

गवताचा त्रास फक्त खाली. हरळी चिवट. लव्हाळा तर वरून उपटला तरी मातीतल्या गाठीतून चार दिवसांत परत वर येतो. खणून गाठीसकट काढायचा, दुसरा मार्ग नाही.

आणि सांगलीत जमिनीच्या बाजूनं बोलायचं तर पुराचं बोलल्याशिवाय चालणार नाही. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं. आमच्या अंगणात ते आठवडाभर उभं होतं. उतरल्यावर बोटभर जाडीचा गुळगुळीत गाळ आणि त्याखाली बाग. लिंबू, मोगरा, जाई, सगळं मुळाशी कुजून गेलं. कर्दळ आणि अळू तगले. आणि अर्थातच लव्हाळा, म्हणीतल्यासारखा. समोरच्या घराच्या गच्चीवरच्या कुंड्या मात्र धो धो पावसात न्हाऊन हिरव्यागार उभ्या होत्या, त्यांना काही घडल्याचा पत्ताच नव्हता. तेव्हा तुमचं घर पूरपट्ट्यात असेल, तर जिवापाड जपलेलं झाड जमिनीत लावू नका. अळू, कर्दळ, केळ खाली, मोगरा कुंडीत. भाच्याचा प्लॉट उंचावर आहे, त्याला हे कारण लागू नाही.

लॉनबद्दल एका ओळीत सांगते: पाणी, कापणी आणि हरळीशी रोजची लढाई, बदल्यात एक पानही तोडता येत नाही. सोडा.

मग ठरवायचं कसं? वरच्या मजल्यावर किंवा भाड्यानं राहत असाल, गुडघे धड असतील, आणि पालेभाज्या, कोथिंबीर, गुलाब, शेवंती हे करायची हौस असेल, तर गच्ची. पंधरा पिशव्यांनी सुरू करा. चाळीस केल्या की ती नोकरी होते. पिशव्या विटांवर ठेवा, स्लॅबवर थेट नको. खालच्या खोलीच्या छताला ओल आली की बागेचं नाव घरात काढता येत नाही, हे अनुभवानं सांगते. पण जमिनीचा पट्टा असेल आणि पूर येत नसेल, तर तो ब्लॉकखाली घालू नका. गच्ची दहा वर्षांनीही तिथेच असेल, हवं तेव्हा वर जा. ब्लॉक मात्र एकदा घातले की कोणी उचकटत नाही. शिवाय पावसाचं पाणी मुरायला जागा राहते ते निराळंच. झाडं मोजकी: एक कलमी सोनचाफा, एक पारिजातक, कढीपत्ता, मोरीच्या पाण्यावर अळू, आणि गादीवाफ्यावर हळदीच्या दहा गड्ड्या. हळद जूनच्या आत लावा. पानं वाळली की फेब्रुवारीत काढा. ओली गड्डी मोडल्यावर जो वास येतो तो बाजारच्या पुडीत नसतो, आणि बोटं दोन दिवस पिवळी राहतात.

काल भाच्याचा फोन आला.

"मावशी, ब्लॉकवाल्याला पूर्वेला चार फूट सोडायला सांगितलंय. बास ना?"

"सहा सोड," म्हटलं. "चार फूट झाडांना आणि दोन फूट खुर्चीला."

मागून त्याच्या बायकोचा आवाज आला, "दोन खुर्च्यांना म्हणावं."