इनस्क्रिप्ट कळफलक : अक्षरांच्या अदलाबदलीसंबंधी सहा महिन्यांचा अनुभव

दिवाळी अंकांची मुद्रिते तपासताना इतरांच्या चुका मला चटकन दिसतात. परंतु स्वतः टंकलेल्या मजकुरात ‘मला’च्या जागी पडलेला ‘माल’ दोन-तीन वाचनांतूनही निसटतो, कारण कागदावर काय उमटले आहे ते पाहण्याऐवजी काय लिहायचे होते तेच मन वाचत जाते. अशा चुका वाढू लागल्या, तेव्हा रोमन अक्षरांतून मराठी उमटवण्याची जुनी सवय सोडून मी इनस्क्रिप्ट कळफलक शिकायला घेतला आणि चुकलेला प्रत्येक शब्द एका वहीत टिपून ठेवू लागले. हे परीक्षण त्या वहीच्या आधारे लिहीत आहे. इनस्क्रिप्टमुळे माझ्या चुका थांबल्या नाहीत, परंतु त्यांचे स्वरूप बदलले. आताची चूक कोणत्या बोटाने व का केली हे मला सांगता येते, आणि म्हणून ती सुधारताही येते.

इनस्क्रिप्टची मांडणी भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये प्रमाणित केली आणि १९८८ मध्ये तिच्यात सुधारणा झाली. विंडोज व लिनक्समध्ये ती आधीपासूनच असते, त्यामुळे पैसे मोजावे लागत नाहीत. भाषेच्या सेटिंगमध्ये मराठी जोडली की काम होते. स्वर आणि त्यांची चिन्हे डाव्या हाताला, तर बहुतेक व्यंजने उजव्या हाताला आहेत. एकाच कळेवर क आणि ख, ग आणि घ, त आणि थ अशा जोड्या असून शिफ्ट दाबल्यावर महाप्राण, म्हणजे ह मिसळलेल्या उच्चाराचे, अक्षर उमटते. ज्याला बाराखडी येते त्याला या रचनेमागचा विचार पहिल्याच दिवशी कळतो. बोटांना तो कळायला मात्र मला सुमारे सहा आठवडे लागले.

आधीच्या पद्धतीत रोमन ‘एन’वर न आणि ण, ‘एल’वर ल आणि ळ, ‘टी’वर त आणि ट अशी दोन-दोन अक्षरे अवलंबून असत. काल, काळ, कळ आणि कल या चारही शब्दांसाठी माझी बोटे जवळपास सारखीच फिरत आणि पुढ्यात येणाऱ्या पर्यायांतून मी घाईने एक निवडत असे. तिथे चूक लिहिण्याची नसून निवडीची होती, आणि निवडलेला शब्द शुद्ध असल्यामुळे शुद्धलेखन तपासणाऱ्या सोयीलाही ती सापडत नसे. त्याहून गंभीर गोष्ट अशी, की बाळातला ळ लिहिण्याची जबाबदारी माझ्याकडून सुटत चालली होती. इनस्क्रिप्टमध्ये ळ हवा असेल तर ळचीच कळ दाबावी लागते.

सर्वांत मोठा फरक मला अक्षरांच्या क्रमात जाणवला. हाताने लिहिताना आपण पहिली वेलांटी आधी काढतो आणि व्यंजन नंतर. बोलताना मात्र व्यंजन आधी येते. जुन्या टंकयंत्रावर हाताचाच क्रम होता. इनस्क्रिप्ट आणि त्यामागचे युनिकोड (संगणकात अक्षरे साठवण्याची प्रमाणित पद्धत) उच्चाराचा क्रम पाळतात, म्हणजे आधी व्यंजन आणि मग वेलांटी. वर्षानुवर्षे हाताने लिहिलेल्या माणसाची बोटे डोळ्यांचे ऐकतात आणि ‘कविता’ लिहिताना ‘किवता’ उमटते. रफाराचेही तसेच आहे : तो दिसतो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर, पण उच्चारात त्या अक्षराच्या आधी येतो. दिसते तसे टंकले की ‘वर्ष’चे ‘वषर्’ होते. जुन्या फाँटमधील मजकूर युनिकोडमध्ये नीट न बदलल्यास नेमके हेच शब्द दिसतात, आणि वाचकाला वाटते की लिहिणाऱ्याला शुद्धलेखन येत नाही. माझ्या वहीतील पहिल्या महिन्याची पाने अशाच शब्दांनी भरली आहेत. त्यावर मला लागू पडलेला उपाय म्हणजे शब्द ओठांतल्या ओठांत उच्चारत टंकणे. दुसऱ्या महिन्याच्या अखेरीस ‘किवता’ जवळजवळ नाहीशी झाली.

दुसरा प्रकार दोन हातांच्या शर्यतीचा आहे. टंकताना मेंदू एकेक अक्षर सुटे पाठवत नाही. पुढच्या तीन-चार कळांची तयारी आधीच झालेली असते आणि दोन्ही हात आपापल्या वाट्याच्या कळेकडे निघालेले असतात. एक हात किंचित लवकर पोहोचला की क्रम उलटतो. इनस्क्रिप्टमध्ये व्यंजन आणि स्वरचिन्ह बहुधा वेगवेगळ्या हातांवर असल्यामुळे वेग वाढल्यावर ही उलटापालट वाढते. त्यातून ‘कला’चे ‘काल’ होते, ‘मला’चा ‘माल’ होतो, आणि र व पाय मोडण्याची कळ यांची जागा बदलली की ‘कर्म’चे ‘क्रम’ होते. शब्दाच्या आरंभीच असे झाले तर आधाराविना पडलेला काना ठिपक्यांच्या वर्तुळावर बसलेला दिसतो. ती खूण मला फार उपयोगी वाटते, कारण तिथे चूक स्वतःच ओरडून सांगते. शब्दाच्या मध्यात मात्र अशी खूण मिळत नाही. थकवा, अपुरी झोप किंवा बोलता-बोलता टंकणे यांमुळे हा प्रकार बळावतो, असे माझ्या वहीतील रात्री उशिराच्या नोंदी सांगतात.

शिफ्ट उशिरा दाबली गेल्याने होणाऱ्या चुका आधीच्या पद्धतीत नव्हत्या, त्या इनस्क्रिप्टनेच दिल्या. ‘घट’चा ‘गट’ आणि ‘भाग’चा ‘बाग’ होतो; श आणि ळ हेही स आणि ल यांच्या कळांवर शिफ्टसह मिळत असल्यामुळे ‘शाळा’चे ‘साला’ होते. म आणि ण एकाच कळेवर असल्यामुळे ‘पाणी’चे ‘पामी’ होते, ते निदान लगेच दिसते. छापायला जाणाऱ्या मजकुरात ‘शाळा’ हा शब्द मी आता स्वतंत्रपणे शोधून तपासते.

जिभेने केलेली अदलाबदल मात्र कोणताही कळफलक दुरुस्त करू शकत नाही. ‘आह्वान’ आपण ‘आव्हान’ असे बोलतो, ‘ब्राह्मण’मधील ह आणि म यांची बोलताना जागा बदलते, आणि ‘नुकसान’चे ‘नुसकान’ तर गावोगावी ऐकू येते. भाषाशास्त्रात याला वर्णविपर्यय म्हणतात आणि ती भाषेची स्वाभाविक चाल आहे. उच्चारत टंकण्याचा माझा उपाय नेमका इथे उलटतो, म्हणून असे शब्द कोशात पाहून पाठ करण्याला पर्याय नाही. हाताने लिहिताना घ आणि ध, भ आणि म, थ आणि य यांची होणारी गल्लत शिरोरेघेच्या लहानशा खंडावर अवलंबून असते. टंकताना तो प्रश्न उरत नाही, हा लाभ मात्र कोणत्याही कळफलकावर मिळतो.

दोन गोष्टी इथे कळकळीने सांगायला हव्यात. नुकतेच लिहायला शिकणारी मुले अक्षरे उलटी काढतात, हे वयानुसार स्वाभाविक आहे. परंतु पुढच्या इयत्तांतही वाचन-लेखनाची अडचण कायम राहिली तर त्याला निष्काळजीपणा म्हणून मुलाला रागावू नये. तो डिस्लेक्सियासारखा अध्ययन अक्षमतेचा प्रकार असू शकतो. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने तयार केलेली ‘डाली’ ही डिस्लेक्सिया ओळखण्याची चाचणी मराठीतही आहे, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. दुसरी गोष्ट मोठ्यांची : नीट लिहिणाऱ्या माणसाचे लिहिणे किंवा टंकणे अचानक विस्कळीत झाले, बोलताना शब्द सापडेनासे झाले किंवा एक हात दुबळा वाटला, तर ते पक्षाघाताचे लक्षण असू शकते आणि क्षणही न दवडता रुग्णालय गाठले पाहिजे.

इनस्क्रिप्टमधील उणिवाही नोंदवते. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले. मूळ मांडणी त्याआधीची असल्यामुळे काही संगणकांवर ते अ आणि चंद्र जोडून लिहावे लागते. दिसायला दोन्ही सारखे असले तरी शोध घेताना संगणक त्यांना वेगळे मानतो. मोबाइलच्या लहान पडद्यावर दोन अंगठ्यांनी टंकताना हातांची विभागणी निरर्थक ठरते, म्हणून तिथे मी हा कळफलक वापरत नाही. अधूनमधून चार ओळी लिहिणाऱ्यालाही सहा आठवड्यांचा सराव सोसणार नाही.

रोज मराठी लिहिणाऱ्याने मात्र तो सराव करावा असे मला मनापासून वाटते, आणि त्याचे एक कारण र-च्या कळेवर आहे. तिथे शिफ्टसह ऱ मिळतो. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’, ‘आचार्याला’ आणि ‘आचाऱ्याला’ यांतील भेद जुन्या पद्धतीत मला पर्यायांच्या यादीत शोधावा लागे आणि कधी सापडतही नसे. यंदाच्या एका प्रवासलेखात सह्याद्रीच्या दऱ्या दहा-बारा वेळा आल्या, आणि मुद्रितात त्यांतल्या एकाही ठिकाणी समुद्र झाला नव्हता.