डीएनए गुंडाळण्याच्या दोन तऱ्हा: जिवाणूची आणि आपली

ई. कोलाय या जिवाणूचा डीएनए म्हणजे सुमारे 46 लाख बेस-जोड्यांचं (डीएनएच्या शिडीतल्या पायऱ्यांचं) एकच बंद कडं. सरळ केलं तर दीड मिलिमीटर भरेल. पेशी मात्र जेमतेम 2 मायक्रोमीटरची. केंद्रक नाही, डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळला जातो ती हिस्टोन नावाची प्रथिनंही नाहीत. गायरेज नावाचं विकर (एन्झाइम) कड्याला पीळ देतं आणि पिळावर पीळ चढून ते आखडतं. सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक नेमकं याच विकरावर घाव घालतं.

आपल्या बहुतेक पेशींत जवळपास 2 मीटर डीएनए, 46 गुणसूत्रांत विभागलेला. इथे नुसत्या पिळानं भागत नाही. आठ हिस्टोन प्रथिनांच्या गाभ्याभोवती 147 बेस-जोड्या जवळपास पावणेदोन वेढे घेतात. डीएनएवर ऋण भार, हिस्टोनवर धन, म्हणून पकड घट्ट. खरी कमाल मला पुढे वाटते: हिस्टोनच्या शेपटीतल्या लायसिन या अमिनो आम्लाला अ‍ॅसिटिल हा छोटा रासायनिक गट जोडला की तिथला धन भार जातो, पकड सैलावते आणि ते जनुक वाचता येतं. म्हणजे ही गुंडाळी जागा तर वाचवतेच, शिवाय कुठल्या पेशीत कुठलं जनुक चालू राहील हे ठरवायलाही हातभार लावते.

जनुकावरून प्रथिन बनवण्याच्या वेगात मात्र जिवाणू सरस. केंद्रकाचा पडदाच नसल्यानं आरएनए, म्हणजे जनुकाची प्रत, तयार होत असतानाच रायबोसोम त्यावरून प्रथिन बांधायला घेतात.