डॅलस की टॅम्पा : एक जण गेला तर घराचं काय?

टेक्सासातल्या डॅलसची आणि फ्लोरिडातल्या टॅम्पाची, अशा नोकरीच्या दोन ऑफर हातात असल्या की सगळे टॅक्सच मोजत बसतात. स्टेट इन्कम टॅक्स दोन्हीकडे नाहीये, तो विषय सोडा. होमस्टेडचा, म्हणजे राहत्या घराला कायद्याने मिळणाऱ्या संरक्षणाचा, खरा फरक कळतो तो घरातलं माणूस गेल्यावर.

सारखं काय ते आधी. क्रेडिट कार्डवाले, हॉस्पिटलची बिलं वगैरेसाठी राहतं घर विकायला लावता येत नाही, हे दोन्ही राज्यांच्या घटनेतच आहे, किमतीला मर्यादा नाही, जागेला आहे: टेक्सासमध्ये शहरात १० एकर, फ्लोरिडात शहरात अर्धा एकर. मॉर्गेज आणि प्रॉपर्टी टॅक्स मात्र कुठेच सुटत नाहीत!

टेक्सासमध्ये विल कोणाच्याही नावाने असू दे, मागे राहिलेल्या नवऱ्याला किंवा बायकोला तिथे राहायचंय तोवर कोणी बाहेर काढू शकत नाही, अगदी मालकी पहिल्या लग्नाच्या मुलांकडे गेली तरी. दुसरं लग्न असेल तर मला हेच बरं वाटतं. पण मागे फक्त वेगळी राहणारी, कमावती मुलं असतील तर घर वडिलांच्या कर्जात जाऊ शकतं. फ्लोरिडात उलट, वारसाने घर मिळालं की मोठ्या मुलांनाही ते संरक्षण पोचतं, त्यामुळे धंद्याची कर्जं असतील तर फ्लोरिडा.

पण फ्लोरिडाची एक गोची आहे. घर एकट्या नवऱ्याच्या नावावर, मूल १८ च्या खाली, आणि विलमध्ये लिहिलंय 'घर बायकोला', तर ती ओळ चालतच नाही! तिला हयातभर राहायचा हक्क, मालकी मुलांकडे, आणि त्याऐवजी अर्धा हिस्सा हवा तर ६ महिन्यांत तसं लेखी काउंटीच्या दफ्तरात नोंदवायचं. दिवसकार्य, भारतात जाणं-येणं, मुलांची शाळा, यात सहा महिने कधी संपतात कळत नाही हो.

डीडवर, म्हणजे घराच्या मालकीच्या कागदावर, पती-पत्नी म्हणून दोघांची नावं असतील तर फ्लोरिडात घर सरळ जोडीदाराकडे जातं, हा घोळ होतच नाही. टेक्सासमध्ये नुसती दोन नावं पुरत नाहीत, जोडीदाराकडे जाईल असा वेगळा सही केलेला करार लागतो.

आमच्या ओळखीतल्या एकांनी परवा डीड काढून बघितलं तर त्यावर एकट्याचंच नाव. घर घेताना बायको एच-४ वर (नवऱ्याच्या व्हिसावर अवलंबून असलेला व्हिसा), क्रेडिट हिस्टरी नाही, म्हणून लोन याच्या नावावर आणि घरही, नंतर नाव घालू घालू म्हणत नऊ वर्षं गेली.