पेपरलेस-एनजीएक्स: करारनाम्यांच्या दप्तरासाठी घ्यावी का?

लिव्ह अँड लायसन्सची मुदत मार्चमध्ये संपलेली असते आणि ते लक्षात येते जूनमध्ये, लायसन्सीने, म्हणजे जागा वापरणाऱ्याने, नव्या दराबद्दल विचारल्यावर. वकिलाचे ऑफिस असो, वीस-पंचवीस गाळे भाड्याने देणारी संस्था असो की मोठी हाउसिंग सोसायटी, करारांच्या फायलींचे दुखणे हेच आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम २४ प्रमाणे मुदत संपूनही राहण्यासाठी घेतलेली जागा न सोडणाऱ्या लायसन्सीकडून दुप्पट दराने भरपाई मागता येते. कलम ५५ प्रमाणे करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी जागामालकाची आहे. नोंदणी नसेल तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरतात. म्हणून करारांसाठी घेतलेली कोणतीही प्रणाली आधी दोन प्रश्नांवर तपासावी: तारीख वेळेवर सांगते का, आणि नोंदवलेला दस्त मागितल्या क्षणी पूर्ण पानांसह समोर आणते का?

पेपरलेस-एनजीएक्स ही स्कॅन केलेले दस्त साठवून शोधण्याची प्रणाली मोफत आणि मुक्त-स्रोत आहे आणि स्वतःच्या मशीनवर चालते. आठ जीबी रॅमचा छोटा पीसी, त्यावर लिनक्स आणि डॉकर (तयार पॅकेजमधून सॉफ्टवेअर चालवण्याचे साधन), एवढ्यावर लहान ऑफिसचे काम भागते. दस्त स्कॅन करून ठरलेल्या फोल्डरमध्ये टाकला की ती त्यातला मजकूर वाचते, मूळ फाइल जशीच्या तशी ठेवते आणि शोधता येईल अशी वेगळी पीडीएफ प्रत तयार करते. हे परीक्षण २.एक्स मालिकेचे आहे.

सुरुवात स्कॅनरपासून करावी लागते, कारण तिथे झालेली चूक पुढे कोणतेही सॉफ्टवेअर दुरुस्त करत नाही. स्टॅम्प पेपर आणि त्यामागची पाने बहुतेक वेळा लीगल आकाराची, म्हणजे १४ इंच लांब. स्कॅनर ए-फोरवर ठेवलेला असतो, म्हणजे ११.७ इंचांवर. खालचे सव्वादोन इंच गायब होतात, आणि सह्या, साक्षीदार, अंगठे नेमके तिथेच असतात. कागदाचा आकार लीगलवर, ३०० डीपीआय, दोन्ही बाजू, आणि रंगीत. कृष्णधवल स्कॅनमध्ये शिक्क्याची निळी शाई आणि खालचा मजकूर एकमेकांत मिसळतात. नोंदवलेल्या दस्ताच्या प्रत्येक पानावर दुय्यम निबंधक कार्यालयाचा चौकटीतला शिक्का असतो: कार्यालयाचे संक्षिप्त नाव, दस्त क्रमांक, पान क्रमांक, एकूण पाने, वर्ष. स्कॅन झाल्यावर त्या चौकटीतली एकूण पाने आणि पीडीएफची पाने जुळवून बघावीत. एक जाड पान दुसऱ्याला चिकटून गेले की इथेच पकडले जाते. या एका तपासणीला दस्तामागे अर्धा मिनिट लागतो आणि तो वाचवू नये.

आता मराठीचा मुद्दा. यावर थोडे थांबून लिहायला हवे, कारण प्रणालीच्या मार्गदर्शिकेत हे सगळे मिळणार नाही.

प्रणाली स्कॅनमधला मजकूर वाचायला (यालाच ओसीआर म्हणतात) टेसरॅक्ट हे सॉफ्टवेअर वापरते आणि टेसरॅक्टला मराठी येते. पण डॉकर प्रतिमेत, म्हणजे तयार पॅकेजमध्ये, मराठीचे पॅक आधीपासून नसते. सेटिंगच्या फाइलमध्ये दोन ओळी आहेत, नावांत फक्त शेवटच्या ‘एस’चा फरक: अनेकवचनी ओळ कोणत्या भाषा बसवायच्या ते सांगते, एकवचनी ओळ कोणत्या वापरायच्या ते. पहिलीत मराठीचा कोड आणि दुसरीत अधिकचे चिन्ह घालून मराठी व इंग्रजी दोन्ही. बहुतेक जण दुसरीच भरतात आणि मग प्रणाली त्रुटी दाखवून अडकते.

दुसरी अडचण जुन्या फायलींची. श्रीलिपी किंवा कृतीदेवमध्ये टाइप करून थेट पीडीएफ केलेल्या करारांत मजकुराचा थर असतो, पण तो युनिकोड नसतो. पडद्यावर ‘करारनामा’ दिसतो आणि आत इंग्रजी अक्षरांचा गोंधळ साठवलेला असतो. प्रणालीची मूळ पद्धत अशी की पानात मजकूर असला की ते पान पुन्हा वाचायचे नाही. त्यामुळे हे दस्त शोधात कधीच येत नाहीत. अशा फायलींचा वेगळा गठ्ठा करावा, ओसीआरची पद्धत तात्पुरती ‘फोर्स’वर (मजकूर असला तरी पान पुन्हा वाचणे) ठेवून तेवढ्या चढवाव्यात आणि नंतर सेटिंग परत मूळपदावर आणावे.

तिसरी अडचण सगळ्यात छुपी. प्रणाली पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेली आहे आणि पायथॉनचे नेहमीचे रेजेक्स इंजिन (मजकुरात नमुने शोधणारा भाग) काना, मात्रा, वेलांटी यांना शब्दाचा भाग मानत नाही. टॅग आपोआप लागावा म्हणून ‘एनी’, ‘ऑल’ किंवा ‘एक्झॅक्ट’ प्रकारात शब्द दिला, तर ती शब्दाची सीमा शोधते. ‘भाडेकरार’ र वर संपतो, तो सापडतो. ‘भाडे’ किंवा ‘अनुज्ञप्ती’ मात्रेवर, वेलांटीवर संपतात, ते समोर असूनही जुळत नाहीत. उपाय सोपा आहे: जुळवणीचा प्रकार ‘रेग्युलर एक्स्प्रेशन’ निवडावा आणि शब्द तसाच लिहावा. हाच दोष ‘अ‍ॅडव्हान्स्ड सर्च’मध्ये आहे, तिथे मराठी शब्दांचे मात्रांपाशी तुकडे पडतात आणि निकाल रिकामा येतो. ‘टायटल अँड कंटेंट’ हा शोध मात्र थेट डेटाबेसमध्ये अक्षरे जुळवतो आणि मराठीत नीट चालतो. सगळ्या कर्मचाऱ्यांना तोच वापरायला शिकवावे. एक लक्षात असू द्या: कागदावर देवनागरी आकडे असतील तर बहुधा तसेच वाचले जातात, आणि मग इंग्रजी आकड्यांत टाइप केलेला दस्त क्रमांक सापडत नाही. दस्त क्रमांक शोधाच्या भरवशावर न ठेवता स्वतंत्र रकान्यात भरावा.

हे रकाने, म्हणजे ‘कस्टम फील्ड’, हा या प्रणालीचा खरा गाभा आहे. भाडेकरारासाठी सुरुवातीला सात पुरतात: दस्त क्रमांक, दुय्यम निबंधक कार्यालय, नोंदणीची तारीख, मुदत संपण्याची तारीख, नोटीसचा कालावधी, अनामत रक्कम आणि जोडलेले दस्त. शेवटचा रकाना ‘डॉक्युमेंट लिंक’ प्रकारचा घ्यावा. पुरवणी करार मूळ कराराला जोडला की दोन्ही बाजूंनी दुवा दिसतो. कुलमुखत्यारपत्र आणि ‘सूची दोन’ (इंडेक्स-टू, नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा) हेही तसेच जोडता येतात. याउलट पक्षकारांची सोय तोकडी आहे. ‘करस्पाँडंट’ (दस्ताशी संबंधित व्यक्ती किंवा संस्था) एका दस्ताला एकच लावता येतो आणि करारात पक्षकार किमान दोन. तिथे समोरच्या पक्षाचे नाव ठेवावे, बाकीची नावे मजकुराच्या रकान्यात.

दस्ताची तारीख प्रणालीला ओळखू देऊ नये. ती मजकुरात सापडलेली तारीख उचलते, आणि करारात पहिली तारीख चलनाची असू शकते, मुद्रांक घेतल्याची असू शकते, एखाद्या पक्षकाराच्या जन्माचीही असू शकते. फाइलच्या नावाची सुरुवात वर्ष-महिना-दिवस अशी करून तारीख नावातून घेण्याचे सेटिंग चालू करावे. नावांचा विषय निघाला म्हणून सांगायचे: लिनक्सवर फाइलच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा आहे आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, मात्रासुद्धा, तीन बाइट घेते. म्हणजे साधारण ८५ चिन्हे. प्रणाली त्याहून मोठे शीर्षक स्वीकारते आणि तेच फाइलचे नाव असले तर साठवताना अडखळते. डिस्कवरील नाव अनुक्रमांक आणि वर्ष यांवर बांधावे, लांब मराठी शीर्षक पडद्यापुरते ठेवावे.

मुदतीच्या आठवणीसाठी ‘वर्कफ्लो’मध्ये (आपोआप होणाऱ्या कामांचे नियम) ‘शेड्यूल्ड’ प्रकार आहे. मुदत संपण्याच्या तारखेचा रकाना निवडायचा आणि दिवस उणे ९० द्यायचे. उणे म्हणजे तारखेच्या आधी. अधिक दिले तर करार संपून तीन महिन्यांनी मेल येईल. ही चूक सहज होते, म्हणून एका बनावट दस्तावर आधी चालवून बघावे. जुने करार आधीच भरलेले असतील तर पहिल्याच फेरीत संपलेल्या सगळ्यांचे मेल सुटतात. ‘चालू करार’ असा टॅग करून वर्कफ्लो तेवढ्यापुरता मर्यादित ठेवावा. ९० आणि ३० दिवसांचे दोन वेगळे वर्कफ्लो पुरेसे आहेत.

गोपनीयतेच्या बाबतीत प्रणाली तुमच्यावर बरेच सोडते. फोल्डरमधून आलेल्या दस्ताला मालक नसतो, आणि मालक नसलेला दस्त पाहण्याची परवानगी असलेल्या प्रत्येकाला दिसतो. अशिलाचा वाटणीपत्राचा मसुदा रिसेप्शनवरच्या लॉगिनमधून उघडला जाणे परवडणारे नाही. दस्त आत येतानाच मालक आणि गट ठरवणारा वर्कफ्लो पहिल्या दिवशी हवा. बदलांचा इतिहास ठेवला जातो, पण कोण दस्त उघडून बघून गेला याची नोंद होत नाही. फायली डिस्कवर उघड्या असतात, कूटबद्ध नसतात. डिस्क एन्क्रिप्शन स्वतः करावे लागते. यंत्र थेट इंटरनेटवर उघडे ठेवू नये.

न्यायालयासाठी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. ‘डाउनलोड’ दाबले की मिळते ती नव्याने बनवलेली प्रत, मूळ फाइल नव्हे. मूळ हवी असेल तर त्याच बटणाच्या बाणाखालून ‘ओरिजिनल’ निवडावी लागते. भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक अभिलेखासोबत जे प्रमाणपत्र द्यायचे, त्याच्या नमुन्यात हॅश मूल्य (फाइलवरून काढलेली आकडी ओळखखूण, फाइल बदलली की तीही बदलते) आणि ते कोणत्या पद्धतीने काढले हे लिहावे लागते. दस्त आत आल्याच दिवशी मूळ फाइलचा एसएचए-२५६ पद्धतीचा हॅश काढून एका रकान्यात चिकटवावा. डिजिटल सही असलेल्या पीडीएफवर प्रणाली ओसीआर करत नाही, इशारा देऊन आहे तो मजकूर घेते; ते योग्यच आहे, कारण फाइल बदलली की सहीची पडताळणी मोडते. कागदी मूळ प्रत कुठे आहे हेही प्रणालीत हवे. प्रत्येक दस्ताला संग्रह क्रमांक देता येतो; त्याचा क्यूआर स्टिकर प्लास्टिकच्या पाकिटावर लावावा, मूळ दस्तावर कधीही नाही. मृत्युपत्राची तर कागदी मूळ प्रतच लागते. माहिती तंत्रज्ञान कायदा मृत्युपत्राला लागू नाही.

ही प्रणाली कोणासाठी नाही तेही सांगायला हवे. मसुदा चार वेळा इकडून तिकडे जातो, प्रत्येक फेरीत कलमे बदलतात आणि कोणी काय बदलले हे पाहायचे असते, अशा कॉर्पोरेट कामासाठी ती बनलेली नाही. सही झालेला, नोंदलेला दस्त हीच तिची जागा. आणि ऑफिसात किंवा हाताशी डॉकर सांभाळणारा एक माणूस नसेल तर घेऊ नये.

त्या माणसाचे मुख्य काम बॅकअपचे. फायलींचा फोल्डर पेन ड्राइव्हवर उतरवणे पुरेसे नाही, कारण टॅग, रकाने, दुवे डेटाबेसमध्ये असतात. ‘डॉक्युमेंट एक्सपोर्टर’ ही आज्ञा रोज रात्री चालवावी, प्रत दुसऱ्या जागी ठेवावी, आणि दर तिमाहीला रिकाम्या मशीनवर तीच आवृत्ती बसवून ती परत भरून बघावी. आवृत्ती वेगळी असली तर आयात अडू शकते. भरून झाल्यावर कोणताही एक जुना दस्त उघडावा, त्याचा हॅश पुन्हा काढावा आणि रकान्यातल्या आकड्याशी जुळवावा.