वाड्याच्या रुंद फळ्यांसाठी राउटर स्लेड, माझ्याकडून ५ पैकी ४

पुण्यात कसबा, शनिवार, नारायण पेठेतले वाडे उतरवले जातात तेव्हा जे सागवान निघतं तेवढं रुंद आता नवीन शोधूनही मिळत नाही. झोपाळ्याची फळी, जुन्या दाराच्या फळ्या, पंधरा सोळा इंच एकसंध. पण त्यांना बाक आलेला असतो आणि वर पीळ पण, म्हणून लोक चिरून पट्ट्या करतात आणि परत चिकटवतात, ते बघून खरंच जीव तुटतो.

टिंबर मार्केटमध्ये थिकनेसरमधून (फळी सगळीकडे सारख्या जाडीची करणारं मशीन) काढून देतात, पण त्याने पीळ जात नाही हे कुणी सांगत नाही. रोलर फळीला दाबून धरतात, ब्लेडखालून बाहेर आली की ती परत उठते, म्हणजे जाडी सगळीकडे सारखी आणि टेबल तरी डुगडुगतंच. आधी एक बाजू सपाट हवी, मग थिकनेसर. आणि छोट्या रंधा मशीनवर एवढी रुंदी बसत नाही.

हा स्लेड, म्हणजे राउटर बसवायचा रुळांवर सरकणारा पाट, त्यासाठीच घ्यायचा. फळी हलत नाही, राउटर (फिरत्या बिटने, म्हणजे पात्याने, लाकूड काढणारं हातातलं मशीन) वरून रुळांवर फिरतो, त्यामुळे दाबली जायचा प्रश्नच नाही. फळी ठेवली की कोपरे दाबून बघा, जिथे हलते तिथे खाली पाचर द्या, बाजूने ठोकळे लावून पक्की करा आणि मगच सुरू करा, सगळं काम या पाचरींवरच आहे. एका वेळी अर्धा सूत (इंचाचा सोळावा भाग), जास्त लोभ नको. एक बाजू झाली की उलटी करा आणि दोन्हीकडून साधारण सारखंच काढा, नाहीतर एकीकडचं ताजं लाकूड उघडं पडतं आणि फळी पुन्हा वाकते. मी थोडं जादा ठेवून आठवडाभर उभी करून ठेवतो, दोन्ही बाजूंनी हवा लागेल अशी, मग शेवटचा हात.

सोबतचा कार्बाइड बिट मस्त आहे. सागवानात सिलिका असते, साधी धार लगेच बोथट होते, इथे इन्सर्ट (बिटवरचं छोटं सुटं पातं) फिरवला की नवीन कोपरा. राउटर मात्र अर्धा इंच शँकचा (बिटचा दांडा) आणि स्पीड कमी करता येणारा पाहिजे, एवढा रुंद बिट फुल स्पीडवर अजिबात नको.

एक स्टार कापला कारण पूर्ण रुंदीवर स्लेडचा पाट मधे किंचित झोळ खातो, मी खालून अँगल (L आकाराची पट्टी) मारला तेव्हा सरळ झाला, कंपनीने तो आधीच द्यायला हवा होता. बिटच्या रेघा पण राहतात, त्या हाताच्या रंध्याने नाहीतर ऐंशी नंबरच्या पॉलिशपेपरने काढाव्या लागतात.

आणि मशीन लावायच्या आधी फळीवर लोहचुंबक फिरवाच, वाड्याच्या लाकडात डोकं तुटलेले खिळे आत असतात आणि चुन्याच्या थराखाली दिसत नाहीत. चुना तारेच्या ब्रशने आधी घासून काढा. सागवानाच्या धुळीने कातडीला खाज सुटते आणि घशाला त्रास होतो, त्यामुळे चांगला मास्क आणि जमलं तर व्हॅक्यूम लावा, फ्लॅटच्या बाल्कनीत हे काम करू नका.